फोटोतल्या दोन वेण्या

फोटो काढायचं खूळ आमच्या घरात माझं. नवरा म्हणतो, हिनं पोराला जितकं कडेवर घेतलं नसेल तितकं मोबाईलवर घेतलंय. म्हणू दे, त्याला काय जातंय बोलायला. सकाळी पोरगं उठायच्या आत तो कुपवाडच्या कारखान्यात जायला गाडी काढतो, आणि ओव्हरटाइम करून येतो तेव्हा पोरगं जेवून पेंगत असतं. डब्याच्या सुट्टीत पोराचं तोंड मोबाईलवर दिसलं नाही तर हाच माणूस फोन करून विचारतो, "आज फोटू न्हाई आला?" म्हणजे खूळ माझं आणि चैन याची.

पण खरं सांगायचं तर मी हौसेनं फोटो काढत नव्हते. भीतीनं काढत होते. लग्नानंतर बरीच वर्षं आम्हाला मूल नव्हतं. नाही नाही ते उपाय केले, नाही नाही त्यांची बोलणी खाल्ली. शेवटी झालं तेही दिवस भरायच्या आधीच, मूठभर. मिरजेच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. त्याचा पहिला फोटो मी त्या काचेतून काढला. फोटोत पोरगं कमी आणि नळ्या जास्त. नर्स ओरडली, मी ऐकून घेतलं, पण फोटो काही पुसला नाही. उद्याचं कुणी सांगावं, आजचा दिवस तरी आपल्याजवळ राहील, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

पोरगं जगलं, बाळसं धरलं, रांगायला लागलं, घरभर उच्छाद मांडायला लागलं, पण ती भीती काही गेली नाही. रोज सकाळी त्याचा फोटो काढल्याशिवाय मला चैन पडत नसे. मी घरी साड्यांना पिको-फॉल करते. मशीनवर बसायच्या आधी पोराला न्हाऊमाखू घालून दारातल्या उजेडात उभं करायचं, फोटो काढायचा, नवऱ्याला पाठवायचा आणि मग साडी हातात घ्यायची. एखाद्या दिवशी उशीर झाला तर तोवर जिवाला हुरहुर लागायची, सुईखाली कापड वाकडं जायचं.

त्या फोटोत मुख्य असायच्या त्याच्या वेण्या. आता हे मधेच सांगायला हवं. सासूबाईंनी औंधच्या यमाईला नवस केला होता. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. तर आत्यांनी बोलून ठेवलं होतं की पोटी लेकरू येऊ दे, त्याचं जावळ तिसऱ्या वर्षी तुझ्याच दारात काढीन, तोवर डोक्याला कात्री लावणार नाही. देवीनं ऐकलं, मग आम्हालाही पाळायलाच हवं. पोराचे केस वाढत वाढत कंबरेला टेकायला आले. रोज तेल लावायचं, विंचरायचं, त्याच्या रडण्यात दोन वेण्या घालायच्या, लाल रिबीन बांधायची. आमच्या बोळातली पोरं त्याला पोरगी म्हणून चिडवायची. तो चड्डी खाली करून दाखवायला निघायचा, मग मला धावावं लागायचं.

त्या वेण्यांचं मला कौतुक फार. एक दिवस खजुरी वेणी, एक दिवस आंबाडा, एक दिवस नुसत्याच सोडलेल्या बटा. बायका फोटो बघून म्हणायच्या, काय केस आहेत गं, आणि मला मूठभर मांस चढायचं. तिन्ही वर्षं मी त्याच्या केसांचेच फोटो काढत होते हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. कुणाच्याच आलं नसतं.

पौष लागला आणि औंधला जायचं ठरलं. एक गाडी केली. आम्ही दोघं, पोरगं, आत्या, आणि माझा भाऊ. जावळाला मामा लागतो, त्याच्याच मांडीवर पोराला बसवायचं असतं. पहाटे निघालो. तासगाव गेलं, विटा गेलं, पोरगं माझ्या मांडीवर झोपलेलं. मी त्याच्या वेण्या हातात धरून बसले होते. आज हे जाणार म्हणून मला भरून येत होतं. भाऊ म्हणाला, "ताई, केस चाललेत, पोरगं न्हाई चाललं कुटं." मी त्याला गप्प बस म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

डोंगरावर ही गर्दी. यात्रेचे दिवस, त्यात सुट्टीचा वार. माणसाला माणूस घासत होतं. वर देवळाच्या तटाला लागून एका कडेला न्हावी ओळीनं बसलेले आणि त्यांच्यासमोर पोरं घेऊन मामा बसलेले. पाण्याचे तांबे, वस्तरे, रडारड. एकाचं उरकलं की दुसरं पुढं. डोकं झालं की हळद लावायची. बघावं तिकडं पिवळी चकोट डोकी आणि पुसलेले डोळे. नवरा दर्शनाच्या रांगेत नंबर धरायला गेला. भाऊ पोराला मांडीवर घेऊन बसला. पोरगं कान फुटतील असं रडलं. मी वेण्यांचे फोटो काढले, कात्री लागतानाचे काढले, अर्धं डोकं झाल्यावरचा एक काढला, त्यात तर हात हललाय, नुसता धुरळा आलाय. मग वस्तरा फिरला, आणि भावाच्या मांडीवर एक वेगळंच पोरगं बसलेलं दिसलं. कान बाहेर आलेले. डोकं मागून चपटं. मला माहीतच नव्हतं त्याचं डोकं मागून चपटं आहे.

आत्यांनी केस नव्या खणात झेलले, डोक्याला हळद लावली, मामानं आणलेले नवे कपडे घातले. मी मोबाईल वर केला तशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आता फोटू काडू नगंस."

"का वं आत्या?"

"ओल्या टाळूचा फोटू काडत न्हाईत. घरी जाऊन ओवाळून हुईस्तवर न्हाई काडायचा. नजर लागती."

आमच्या घरात तशी रीत आहे, हे मला ठाऊक होतं. तरी माझं टाळकं फिरलं. तीन वर्षं एक दिवस मी चुकवला नव्हता आणि नेमका आजचा दिवस सोडायचा? मी म्हणाले, आवं एकच काढते, कुणाला दाखवणार नाही. त्या म्हणाल्या, नवस मी बोललेय, निस्तरायचं मला आहे. मी म्हणाले, पोरगं माझं आहे. त्या म्हणाल्या, "तुजं हाय म्हनूनच सांगतीया." शब्दाला शब्द वाढला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी मोबाईल खाली केला, तोंड फिरवलं आणि तरातरा जाऊन तटाच्या पलीकडं सावलीत बसले.

पोरगं आत्यांपाशी आहे असं मी धरून चालले. आत्यांना वाटलं, ते माझ्यामागं गेलं. त्या केसांचं गाठोडं घेऊन देवळाच्या पायरीशी ठेवायला गेल्या. भाऊ नारळ आणायला गेला होता. मी तिकडं बसून काय करत होते म्हणाल तर मोबाईलमधले वेण्यांचे फोटो बघत होते. एकेक सरकवत होते आणि डोळे पुसत होते. पोरगं त्या वेळी एकटं गर्दीत होतं आणि मी त्याचे फोटो बघत रडत होते.

आत्या मोकळ्या हातानं परत येताना दिसल्या तेव्हा मी उठले. माझ्या बाजूला बघत त्या म्हणाल्या, "लेकरू कुटं हाय?"

पुढचं मला सलग आठवत नाही. आम्ही दोघी आधी न्हाव्यांच्या ओळीकडं धावलो. तिथं नव्हतं. देवळाच्या मागं नव्हतं. मी त्याच्या नावानं हाका मारत सुटले. त्या गलक्यात माझाच आवाज मला येत नव्हता. एका बाजूला डोंगराची उतरण, खाली जायच्या पायऱ्या, पलीकडं गाड्या वळवायची जागा. जे बघावं त्याची मला भीती वाटत होती. गाडी दिसली की वाटे, चाकाखाली बघ. कुणी पोरगं खांद्यावर घेऊन चाललं की वाटे, घेऊन चालला. माणसांचे चेहरे मला माणसांचे वाटत नव्हते.

मी आत्यांना देवळापाशी थांबायला सांगितलं आणि पायऱ्यांच्या कडेनं दुकानं लागली होती तिकडं उतरले. हातात मोबाईल होता. वेण्यांचा फोटो मोठा करून मी जो भेटेल त्याच्यासमोर धरत होते. याला बघितलं का, याला बघितलं का. पेढेवाल्याला दाखवला. बांगडीवालीला दाखवला. एक पोलीस होता, त्याला दाखवला. बांगड्यांच्या दुकानाशेजारी एक म्हातारी बाई उभी होती, काळसर लुगडं, कपाळभर मळवट, तिच्या लुगड्यात तोंड खुपसून तिचा नातू रडत होता. तिला दाखवला. तिनं फोटो हातात घेऊन लांब धरून नीट बघितला आणि म्हणाली, "न्हाई बाई, अशी पोरगी न्हाई दिसली." मी पुढच्या दुकानाकडं गेले. पोरगी नव्हे पोरगा, हे सांगायलाही मी थांबले नाही.

वर कमिटीचा मांडव होता, तिथं माईक होता. मी धापा टाकत तिथं पोचले. माईकवरच्या माणसानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, भला माणूस होता. काय झालं विचारलं. मी सांगायचं सोडून मोबाईलच त्याच्या हातात दिला. त्यानं फोटो बघितला आणि लगेच पुकारलं. तीन वर्षांचं लेकरू, दोन वेण्या, लाल रिबीन, कुणाला सापडल्यास मांडवात आणून द्यावं. तेच पुन्हा. आणि पुन्हा. सगळ्या डोंगरावर ते घुमत होतं. मला तेवढ्यानं धीर आला. आता कुणीतरी आणून देईल, मी मनात म्हणत होते. दोन वेण्यांचं पोरगं मांडवाच्या दारात दिसेल म्हणून मी दाराकडं टक लावून बसले.

दारात आला तो नवरा. रांग सोडून पळत आला होता, कपाळाला घाम, शर्ट बाहेर आलेला. पाठोपाठ भाऊ. नवरा आला तो माझ्यावर ओरडतच आला, तो कधी ओरडत नाही.

"वेण्या कुटल्या सांगतीस? आगं, केस कुटं हायत आता त्याला?"

खरं सांगते, मला ते तोवर आठवलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत वस्तरा फिरला, मी स्वतः रडले, त्यावरून भांडण केलं, आणि पोरगं नाहीसं झाल्यावर मी ज्याला शोधत होते त्याला वेण्या होत्या. इतका वेळ मी डोंगरभर एका दुसऱ्याच पोराला शोधत होते आणि दुसऱ्यांनाही शोधायला लावत होते.

माईकवाल्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "ताई, मग आत्ताचा फोटू द्या की."

आत्ताचा फोटो नव्हता. मोबाईल उघडला तर जागा नाही म्हणून बोंब मारायचा, इतके फोटो होते त्यात. झोपलेला, जेवणारा, रडणारा, पाठमोरा, वेणीचा नुसता शेपटा. चकोट डोक्याचा एकही नाही. तो म्हणाला, बरं, कपडे सांगा. कपडे मामानं आणलेले, घातले आत्यांनी, मी तेव्हा त्याच्या डोक्याकडंच बघत होते, आणि आत्या राहिल्या होत्या देवळापाशी. भावाकडं बघितलं तर तो रडकुंडीला आला. कपडे त्याच्या बायकोनं घेऊन पिशवीत घालून दिले होते, त्यानं पिशवी तशीच आत्यांच्या हातात दिली होती. "पिवळं असावं, न्हाईतर केशरी," तो म्हणाला. माईकवाला हळूच म्हणाला, "आज डोंगरावर सगळीच पोरं चकोट हायत वो, आन निम्मी पिवळ्यात हायत." तो काही टोचून बोलला नाही. पण ते ऐकून माझा जीव गोळा झाला. माझं पोरगं या गर्दीत आहे आणि ते कसं दिसतं हे त्याच्या आईला सांगता येत नाही.

नवऱ्याला मात्र एक गोष्ट सुचली. तो मला धरून न्हाव्यांच्या ओळीकडं घेऊन गेला. आमच्या मागच्या नंबरला एक कुटुंब होतं, त्यांची पोरगी होती जावळाची. ती माणसं तिथंच सतरंजीवर बसून पोळी-आमटी खात होती. नवऱ्यानं त्यांच्यातल्या बाईला हात जोडून विचारलं, "तुमी फोटू काडला हुता का वो, तुमच्या पोरीचा?" तिनं खरकटा हात लुगड्याला पुसला आणि मोबाईल काढला. तिनं आख्खा व्हिडिओ घेतला होता. तिच्या घरात असली रीत नसावी.

आत्याही तोवर येऊन पोचल्या होत्या. आम्ही सगळे त्या एवढ्याशा मोबाईलवर वाकलो. पुढं तिची पोरगी रडतेय, न्हावी तिचं डोकं फिरवतोय, आणि मागं माणसांचे पाय. त्या पायांच्या मधून एक पोरगं आलं. पिवळा झब्बा, पायात चप्पल नाही, हळदीचं डोकं. ते थोडं थांबलं, इकडं तिकडं बघितलं आणि पायऱ्यांच्या बाजूला चालायला लागलं.

"हे न्हाई," मी म्हणाले.

"आगं हेच की," आत्या म्हणाल्या. "चालनं बघ त्येचं. डावा पाय टाकतंय कसा बघ."

मी पुन्हा बघितलं. बाईनं व्हिडिओ मागं घेऊन दाखवला. ते पोरगं पुन्हा आलं, पुन्हा थांबलं. तोंड कॅमेऱ्याकडं होतं. मला ओळख पटेना. त्याचं ओझं पोटात वाहिलेली मी, त्याचं तोंड रोज धुणारी मी, आणि मला ते कुणाचंतरी पोरगं दिसत होतं. मग त्यानं खालचा ओठ बाहेर काढला, रडायच्या आधी काढतो तसा, आणि तो माझा झाला. एकदम झाला. माझ्या तोंडून काय आवाज निघाला कोण जाणे, सतरंजीवरची माणसं उठून उभी राहिली.

आणि त्याच क्षणी मला दुसरं कळलं. हा पिवळा झब्बा मी बघितला होता. मागून चपटं असलेलं हे डोकं मी बघितलं होतं, बांगड्यांच्या दुकानाशेजारी, म्हातारीच्या लुगड्यात तोंड खुपसलेलं. हातभर अंतरावरून.

मी तशीच वळले. पळत सुटले. माणसांना कोपरं मारत, शिव्या खात पायऱ्या उतरले. नवरा मागून हाका मारत होता. बांगड्यांचं दुकान आलं. शेजारची जागा रिकामी होती.

मला वाटतं, माणूस भीतीनं मरत असेल तर तो असाच मरत असेल. आधी जी भीती होती ती हरवल्याची होती. ही सापडून हरवल्याची होती. ती बाई कोण, कुठली, पोराला घेऊन कुठं गेली. मी बांगडीवालीचा हात धरला. ती घाबरली, बांगड्या फुटतील म्हणाली. मग तिनं समजून घेतलं आणि खाली बोट केलं. म्हातारी पोराला घेऊन पायऱ्या उतरत गेली होती, ऊन लागतंय म्हणत. मी आणखी उतरले. प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, ती आता गाडीत बसली असेल. आता गाडी सुटली असेल. यमाईला मी त्या पायऱ्यांवर काय काय बोलले ते लिहीत नाही. नवस कमी आणि धमक्या जास्त होत्या.

एका लिंबाच्या झाडाखाली ती बसली होती. काळसर लुगडं, तोच मळवट. पोरगं तिच्या मांडीला टेकून बसलं होतं, हातात कुरमुऱ्याचा लाडू, हळद घामानं गालावर ओघळलेली. लाडू खात होतं. जिवंत होतं. मी त्याच्यापुढं जमिनीवर बसलेच.

म्हातारीनं मला ओळखलं. "आवं, मगाशी तुमीच आला हुतासा नव्हं? पोरगीचा फोटू घेऊन?"

मी मान हलवली.

"ह्ये माज्यापशीच हुतं की तवा. लय रडत हुतं. तुमी गेलासा आन ह्येनं तोंड वर क्येलं. तुमच्याकडं हात करून आये आये कराया लागलं. मी हाका मारल्या वो तुमाला. तुमी लांब ग्येला हुतासा. मला वाटलं, त्येची आई तुमच्यावानी दिसत असंल." तिनं पोराच्या गालावरची हळद पदरानं पुसली. "माईकवर पोरगीचंच पुकारत हुते. पोराचं कोन पुकारतंय म्हनून मी हितं बसून वाट बघत हुते."

मी हात पुढं केले. पोराला म्हणाले, ये. रोज मी हात पुढं केले की ते अंगावर उडी टाकायचं. त्या दिवशी त्यानं माझ्याकडं बघितलं, लाडू दुसऱ्या हातात घेतला आणि म्हातारीच्या अंगाला आणखी चिकटलं.

"आई हाय नव्हं तुजी?" म्हातारी त्याला म्हणाली. "जा की."

"आई गेली," तो म्हणाला.

"कुटं गेली?"

त्यानं लाडवाचा हात माझ्याकडं केला. "ही गेली. मला बघून गेली."

तो चिडून बोलला नाही, रडूनही नाही. पाऊस पडला, दूध सांडलं, तसं सांगितलं. तोवर नवरा येऊन पोचला होता, त्यानं पोराला उचललं, छातीशी धरलं, त्याच्या हळदीच्या डोक्यावर तोंड ठेवून हमसून हमसून रडला. आत्या म्हातारीच्या पाया पडल्या, भावानं तिच्या ओटीत नारळ घातला. सगळे एकमेकांना म्हणत होते, सापडलं, मिळालं, देवीनं राखलं. मी खालीच बसून होते. मला कुणी काही बोललं नाही, आत्यासुद्धा नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरच्यांनी पोराचं ते वाक्य मनावर घेतलं नाही. लहान आहे, बोललं असेल, विसरून जाईल, नवरा म्हणाला. मलाही वाटलं विसरेल. तीन वर्षांच्या पोराला काय आठवतंय.

आता त्याचे केस पोरांसारखे आहेत, तो शाळेत जातो, पाढे म्हणतो, उलट उत्तरं देतो. मिरजेचा बाजार असो की लग्नाचा मांडव, गर्दीच्या तोंडाशी आलो की तो थांबतो. पुढं जात नाही. माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरतो, माझं तोंड आपल्याकडं वळवतो आणि डोळ्यात बघून विचारतो, "आई, मी कोण हाय?"

मी त्याचं नाव सांगते. तो थोडा वेळ बघतो, खरं बोलते की नाही ते. मग माझं बोट धरतो आणि आत चालायला लागतो, आणि मी गर्दीतून बाहेर पडेपर्यंत खाली त्याच्याकडं बघत राहते.